मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ स्वतः कसा काढायचा

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये माझी मावशी नाशिकहून मुलाकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला निघाली होती. पहिलाच परदेश प्रवास. तिकिटावर लिहिलं होतं: १४ एप्रिल, सुटण्याची वेळ ००:५०, पोचण्याची वेळ ०६:५०. मावशीने १४ तारखेला दुपारी नाशिकहून गाडी सांगून ठेवली होती. गोडा मसाला पुड्यांत बांधून झाला होता, मेथीचे लाडू डब्यात भरून वर टेप लावली होती. ११ तारखेला रात्री मी फोनवर सहज विचारलं, "मावशी, मुंबईला कधी येतेस?" आणि तिचं उत्तर ऐकून पोटात गोळाच आला. १४ तारखेचे ००:५० म्हणजे १३ तारखेची रात्र. ती घरातून पाऊल बाहेर टाकायच्या बारा तास आधी विमान उडून गेलं असतं.

तारीख नीट केल्यावर ती म्हणाली, "अरे, पण सहा तासांचाच तर प्रवास आहे. जेवण इथूनच करून निघते."

सहा नाही, साडेपंधरा तास. या दोन्ही चुका अगदी शहाण्या माणसाकडूनही होतात, कारण तिकिटावर छापलेले आकडे दोन वेगळ्या घड्याळांचे असतात आणि ते कुणी समजावून सांगत नाही. मुंबई–न्यूयॉर्क हीच वाट उदाहरणाला घेऊन, अंतर कसं मोजायचं, त्यावरून वेळ कसा बांधायचा आणि तिकीट कसं वाचायचं, हे क्रमाने सांगतो. एकदा रीत कळली की पुणे–टोकियो असो की गोवा–टोरांटो, हिशोब तोच.

आधी विमानतळ नक्की करा, शहर नव्हे

"न्यूयॉर्क" हा विमानतळ नाही. तिथे जेएफके आहे, लागार्डिया आहे आणि नदीपलीकडे न्यू जर्सीत नेवार्क आहे. आपली बरीच मराठी मंडळी एडिसन आणि आसपासच्या गावांत राहतात, त्यांना नेवार्क जवळ आणि जेएफके लांब. आकाशातून पाहिलं तर जेएफके आणि नेवार्क यांच्यात तेहतीसेक किलोमीटर आहेत, पण मोटारीने गर्दीच्या वेळी तेवढ्याला दीड-दोन तास सहज जातात. मुंबईतही आता हाच प्रश्न आहे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत. तेव्हा तिकिटावर शहराच्या नावाशेजारी असलेली तीन अक्षरं वाचायची सवय लावा: सहारच्या विमानतळाचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय, आणि न्यूयॉर्कसाठी जेएफके की ईडब्ल्यूआर, म्हणजे नेवार्क. विमानाच्या अंतरात यामुळे काही बिघडत नाही, पण गाडीवाल्याला चुकीच्या ठिकाणी सांगितलं तर सगळंच बिघडतं.

अंतर: दोरा आणि पृथ्वीचा गोल

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते न्यूयॉर्क रेघ मारली तर ती अरबस्तान आणि उत्तर आफ्रिका ओलांडून सरळ पश्चिमेला जाते. त्या नकाशावर सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षात सुमारे १४,२०० किलोमीटरची भरते. विमान तिथून जात नाही.

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो घ्या आणि शिवणाच्या डब्यातला दोरा घ्या. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप वर, उत्तरेकडे सरकेल. कच्छ आणि सिंधवरून अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग रशिया, फिनलंड, स्वीडन, नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या आसपास, आइसलँड, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात आणि तिथून खाली न्यूयॉर्कला. गोलाच्या पृष्ठभागावरची सर्वांत जवळची वाट ती हीच. मुंबईहून निघताना तिची दिशा पश्चिम नसून वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकलेली असते. मला हा दोरा ताणायला आजही आवडतं. लहान मुलांना तर जरूर दाखवा.

गोलाचा व्यास ३० सेंटीमीटर असेल तर त्यावरचा एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा साडेएकोणतीस सेंटीमीटर भरेल. गुणाकार करा, साडेबारा हजार किलोमीटर येतात.

आकडा नेमका हवा असेल तर वैज्ञानिक कॅल्क्युलेटर पुरे. तो अंशांच्या मोडवर आहे ना, हे आधी पाहा, रेडियनवर असेल तर उत्तर भलतंच येईल. मुंबई विमानतळाचा अक्षांश १९.०९ उत्तर, रेखांश ७२.८७ पूर्व. जेएफकेचा अक्षांश ४०.६४ उत्तर, रेखांश ७३.७८ पश्चिम. आता पायऱ्या अशा:

१. रेखांशांतला फरक काढा. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्यामुळे बेरीज करायची: १४६.६५ अंश. बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करा. सॅन फ्रान्सिस्कोसाठी ती १९५.२५ येते, म्हणून १६४.७५ धरायचे.

२. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७ × ०.६५१ = ०.२१३.

३. दोन्ही अक्षांशांचे कॉस आणि रेखांशफरकाचा कॉस यांचा गुणाकार: ०.९४५ × ०.७५९ × (−०.८३५) = −०.५९९.

४. दोन्हींची बेरीज −०.३८६. तिचा उलटा कॉस (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) काढा: ११२.७ अंश.

५. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की सुमारे १२,५३० किलोमीटर.

पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी हा आकडा दहा-वीस किलोमीटरने मागेपुढे दिसेल. त्याची चिंता करू नका. गणित नको असेल तर गूगल मॅप्सवर संगणकावरून मुंबई विमानतळावर माउसचं उजवं बटण दाबून "अंतर मोजा" निवडा आणि जेएफकेवर क्लिक करा, हाच आकडा येतो.

एका गोष्टीत मात्र लोक फार गोंधळतात, ती म्हणजे मैल. एकच अंतर कुठे ७,७८६ लिहिलेलं दिसतं आणि कुठे ६,७६६. पहिले रस्त्यावरचे मैल, म्हणजे १.६०९ किलोमीटरचे. दुसरे सागरी मैल, १.८५२ किलोमीटरचे, जे वैमानिक वापरतात. एकक न पाहता दोन संकेतस्थळांची तुलना केली तर वाटतं, एक कुणीतरी चुकलंय.

विमान दोऱ्यावरून जात नाही

काढलेलं अंतर हा किमान आकडा आहे. प्रत्यक्ष वाट त्याहून काही टक्के लांब असते. उड्डाण आणि उतरण्याची धावपट्टी वाऱ्याप्रमाणे ठरते, वादळ टाळायचं असतं, अटलांटिकवरच्या वाटा रोज वाऱ्याचा अंदाज पाहून आखल्या जातात. पण यापेक्षा मोठं कारण जमिनीवर आहे: खालच्या देशाची परवानगी.

२७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली आणि ती पूर्णपणे उघडली १६ जुलैला. पुन्हा २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांच्या विमानांना ती बंद झाली. अशा वेळी आपल्या दोऱ्याचा सिंधवरून जाणारा तुकडा कापला जातो आणि विमानाला अरबी समुद्रावरून आखाताकडे जावं लागतं. याचा फटका किती, हेही आपल्याच पद्धतीने काढता येतं. आखातावरून म्हणजे ढोबळमानाने दुबईवरून गेलो असं धरा. मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०२० मिळून १२,९५० किलोमीटर. मुंबईकराला सुमारे चारशे किलोमीटरचा वळसा, म्हणजे अर्धा तास. आता दिल्लीचं पाहा. दिल्ली–न्यूयॉर्क सरळ ११,७६० किलोमीटर, तेच दुबईवरून १३,२१०. जवळजवळ साडेचौदाशे किलोमीटर जास्त, दीड तासाचा फरक. हद्द बंद झाली की दिल्लीहून निघणाऱ्यांचे हाल जास्त का होतात, ते या दोन बेरजांत दिसतं. इंधनासाठी मध्ये युरोपात कुठेतरी उतरावं लागलं तर आणखी दीड-दोन तास जातात, ते वेगळेच.

वारा

जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, हे अमेरिकेला जाऊन आलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. पुष्कळांना वाटतं पृथ्वी फिरते म्हणून. तसं नाही, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. खरं कारण जेट प्रवाह. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानं उडतात नेमक्या त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद, वेगवान पट्टा वाहतो. ताशी शंभर-दोनशे किलोमीटर वेग त्याच्यासाठी नेहमीचा, हिवाळ्यात त्याहूनही जास्त.

बोइंग ७७७ सारखं विमान वरच्या थरात ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ पट, म्हणजे ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडतं. पण हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत. नदीत पोहणाऱ्याचे हात तेवढेच चालतात, पण प्रवाहाबरोबर पोहला तर काठ भराभर मागे पडतो, तसंच. प्रत्यक्ष वाट १३,००० किलोमीटरची धरा. जाताना सरासरी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला तर वेग ८५० आणि वेळ सव्वापंधरा तास. येताना तोच पाठीशी असेल तर वेग ९५० आणि वेळ पावणेचौदा तासांच्या आत. वारा नुसता पन्नासचा, आणि फरक दीड तासाहून जास्त.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच देशातलं आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, वाट सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट दिशेने, पूर्वेकडे, प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. वाट झाली सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. आणि तरी वेळ साडेचौदा तासांवर आला, आधीपेक्षा सुमारे दोन तासांनी कमी. पाठीशी वारा होता म्हणून. कुणी मला "जवळची वाट म्हणजे लवकरची वाट" असं सांगितलं की मी हेच सांगतो.

तर अंतरावरून वेळ काढायचा माझा ठोकताळा असा: सरळ अंतराला ९०० ने भागा, चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास धरा आणि धावपट्टीपर्यंत रांगत जाण्या-येण्यासाठी आणखी अर्धा. १२,५३० चे चौदा तास, अधिक एक, पंधरा. पश्चिमेला जात असाल तर पाऊण-एक तास वाढवा, पूर्वेला येत असाल तर तेवढाच कमी करा. वेळापत्रकातला वेळ दाराशी लागलेलं विमान सुटल्यापासून पुन्हा दाराशी लागेपर्यंतचा असतो, म्हणून तो रांगण्याचा वेळ विसरायचा नाही.

ठोकताळ्यापेक्षा पक्कं हवं असेल तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या संकेतस्थळावर तुमच्या विमानाचा क्रमांक टाका आणि मागच्या आठवड्यात ते रोज खरोखर किती वेळात पोचलं ते पाहा. वेळापत्रकापेक्षा माझा भरवसा या सात आकड्यांवर जास्त आहे.

तिकीट वाचताना दोन्ही घड्याळं भारतीय करा

तिकिटावर सुटण्याची वेळ निघायच्या गावाची आणि पोचण्याची वेळ पोचायच्या गावाची असते. या दोन वेळांची थेट वजाबाकी कधीही करू नका. आधी पोचण्याची वेळ भारतीय वेळेत आणा, मगच वजा करा.

न्यूयॉर्क आपल्यामागे आहे. उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. आपल्याकडे असं काही नसल्यामुळे फरक मात्र बदलतो.

मावशीचं तिकीट एप्रिलचं, म्हणून साडेनऊ तास. पोचायची वेळ सकाळी ६:५०, त्यात साडेनऊ मिळवले की भारतात दुपारचे ४:२०. निघाली रात्री १२:५० ला. मधले झाले साडेपंधरा तास. हेच तिकीट जानेवारीचं असतं तर साडेदहा मिळवून संध्याकाळचे ५:२० आले असते, म्हणजे साडेसोळा तास. परतीचं उदाहरण: न्यूयॉर्कहून ऑक्टोबरात सकाळी ११:३० ला निघालात, म्हणजे भारतात रात्रीचे ९. त्यात चौदा तास मिळवा, दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला मुंबई. तिकिटावर पोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात +१ असतं, ते याच दुसऱ्या दिवसाचं. घ्यायला येणाऱ्यांना तारीख सांगताना हे +१ पाहूनच सांगा.

जाता जाता एक गंमत. काट्यांचं घड्याळ हातात उलटं धरा, बारा खाली आणि सहा वर. भारतीय वेळ दाखवणारं घड्याळ उलटं केलं की ते ग्रिनिचची वेळ दाखवतं, कारण आपण बरोबर साडेपाच तास पुढे आहोत. दुपारी दोन वाजता करून पाहा, साडेआठ दिसतील. जगभरातले वैमानिक याच वेळेवर चालतात.

आणि मध्यरात्रीचा सापळा: ००:०० ते ०३:०० मधलं कुठलंही विमान असेल तर तिकीट आल्या आल्या कॅलेंडरवर आदल्या तारखेला लिहा, "आज रात्री विमानतळ". मुंबईहून लांबची बरीच विमानं याच वेळेत सुटतात.

मध्ये थांबून गेलं तर

लंडनमार्गे ७,२०० अधिक ५,५५०, म्हणजे १२,७५० किलोमीटर. दुबईमार्गे १२,९५०. थेट वाटेपेक्षा फक्त दोनशे ते चारशे जास्त! वाट वाकडी झाल्यामुळे वेळ जात नाही, तो जातो थांबण्यात. म्हणून अशी तिकिटं निवडताना अंतर पाहूच नका, मधला थांबा किती तासांचा ते पाहा. वयस्क माणूस एकटा असेल तर मला अडीच-तीन तासांपेक्षा कमी थांबा पसंत नाही, आणि दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर हवीत. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची जबाबदारी कंपनीची राहते. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, चांगलं चालता येत असलं तरी.

अबू धाबीचं एक वेगळेपण आहे. २०१४ पासून अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच होते. त्यामुळे थांब्यात तेवढा जास्त वेळ हवा, पण न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर पडता येतं. याउलट अमेरिकेतच शिकागो किंवा नेवार्कला विमान बदलायचं असेल तर पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन, सामान उचलणं, कस्टम्स आणि पुन्हा सामान टाकणं हे सगळं त्या थांब्यातच बसवावं लागतं. तिथे दीड तासाचा थांबा घेऊ नका.

घर ते घर

आता मावशीचा खरा हिशोब. नाशिकहून सहार सुमारे १७० किलोमीटर, कसारा घाट आणि भिवंडीची गर्दी धरून चार तास, वर एक तास राखीव. विमान सुटायच्या चार तास आधी विमानतळावर. मग साडेपंधरा तास. उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान, दोन तास. जेएफकेहून एडिसन, सकाळच्या गर्दीत दीड तास. बेरीज अठ्ठावीस. आम्ही ती १३ तारखेला दुपारी पावणेचारला घरातून निघेल असं ठरवलं आणि मुलाला सांगितलं की १४ ला तिकडच्या सकाळी पावणेनऊच्या आधी टर्मिनलबाहेर उभं राहायची गरज नाही.

तिला रक्तदाबाची गोळी रोज सकाळी आठला लागते. तिकीट पाहून तिला वाटलं होतं, सकाळी उतरले की घेईन. पण न्यूयॉर्कची सकाळ म्हणजे भारतातली दुपार उलटलेली. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी तिच्या गोळीसाठी विमानात भारतीय वेळच धरायला सांगितलं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हा प्रश्न निघण्यापूर्वी डॉक्टरांपुढे ठेवलाच पाहिजे, आणि औषधं हातातल्या पिशवीतच ठेवायची. मी तिला पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन ओळी लिहून दिल्या: रात्री १२:५० निघणार, सकाळी ८ ला गोळी, दुपारी ४:२० पोचणार, सगळं आपल्या वेळेने. मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत बदलायचं नाही, एवढंच सांगितलं. तो कागद तिने पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवला.